सतरा उजव्या, सात डाव्या

माझ्या बैठकीच्या भिंतीवर परवापर्यंत चिनी मातीच्या बारा बश्या होत्या. आज चार आहेत. रस्त्यापलीकडे माझी थोरली बहीण अक्का राहते, तिच्या भिंतीवरही बारा होत्या, तिथं आता तीन उरल्या आहेत. एकही फुटली नाही, चोरीला गेली नाही. मोजदाद माझ्याकडे पक्की आहे, कारण या चोवीस बश्यांची वाटणी मीच केली होती, वयाच्या अकराव्या वर्षी, भर बैठकीत, कोणी विचारलेलं नसताना. त्या वाटणीतून दोन लग्नं झाली. त्यांतलं एक व्हावं म्हणून आमचं सगळं घर देव पाण्यात घालून बसलं होतं, आणि दुसरं कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं.

तेव्हा आम्ही धारला होतो. आमचे वडील, त्यांना आम्ही नाना म्हणत असू, संस्थानात जमिनीच्या मोजणीचं काम करीत. त्यांची शंभर कड्यांची लोखंडी मोजणीची साखळी ओसरीतल्या खुंटीवर टांगलेली असे आणि वारा सुटला की किणकिणे. नाना घरी येऊ लागले की गल्लीच्या वळणापासून त्यांच्या खांद्यावरची ती साखळी ऐकू येई. वळणापासून दार बासष्ट पावलं होतं. आवाज आला की आत्या तव्यावर पोळी टाकी, आणि नाना पाय धुऊन पाटावर बसत तेव्हा ती पोळी वाफाळती त्यांच्या ताटात पडे. मी तीन वर्षांची असताना आई गेली, तेव्हापासून घर नानांच्या या विधवा बहिणीनं चालवलं. तिचं सोवळं इतकं कडक होतं की भुट्ट्याचा कीस परतताना आमची सावली चुलीवर पडली तरी ती आम्हाला उंबऱ्याबाहेर काढी. नानांना मुलगा नव्हता. संध्याकाळी ते मला आणि अक्काला गणितं घालत. अक्काला कंटाळा येई. मला येत नसे, आजही येत नाही.

एकदा नाना मोजणीसाठी सरदारपूरकडे गेले होते. तिथला कोणी साहेब विलायतेला परत चालला होता आणि त्याचं सामान विकायला काढलं होतं. त्यात खिळे ठोकलेली एक लाकडी पेटी होती, आणि तिच्या झाकणावर डाग देऊन उमटवलेला चांगला वीतभर स्वस्तिक होता. नानांनी पेटी उघडूनसुद्धा पाहिली नाही. विलायतेतल्या कुठल्याशा कारखान्यानं आता आपल्या लोकांसाठी पूजेची उपकरणं करायला घेतली असावीत, असं त्यांच्या मनानं घेतलं. गाडीवानानं पेटी पाठीवरून आमच्या दारापर्यंत आणली आणि विचारलं, “भिया, या पेटी अंदर धरूं के बाहर?” नाना म्हणाले, “अंदर. देवाची आहे.”

ओसरीत ती उघडली. गवत काढलं, आणि खालून बश्या निघाल्या, पांढऱ्याशुभ्र, वीतभर रुंद, एकात एक बसवलेल्या. काठावर निळ्या रंगात घोड्याचे नाल आणि आंबुशीची पानं काढलेली होती. आंबुशीला तीन पानं असतात, यांना चार होती. आणि प्रत्येकीच्या मधोमध स्वस्तिक. साहेब लोकांतही तेव्हा ही सगळी शकुनाची चिन्हं मानत, हे मला फार पुढे कळलं. आत्यानं एक बशी नखानं वाजवून पाहिली आणि हात झटकला.

“चिनी माती आहे दादा. माती. आणि साहेबानं यात काय काय खाल्लं असेल. ही माझ्या घरात राहणार नाही.”

“मग बाहेर ठेवू.”

“बाहेर? स्वस्तिक आहे वर. रस्त्यात टाकतोस? कुत्री तोंड लावतील.”

“मग काय करू ते तरी सांग.”

“आत आणू नकोस आणि बाहेर टाकू नकोस,” आत्या म्हणाली आणि आंघोळीला निघून गेली.

नाना मोजणी करणारे. त्यांनी हे शब्दशः घेतलं. आमच्या पुढच्या दाराची चौकट साडेतीन हात रुंद होती. पेटी दोन हात लांब, सव्वा हात रुंद. त्यांनी ती चौकटीत अशी बसवली की उंबऱ्याची मधली रेघ पेटीच्या बरोबर मधोमध यावी, अर्धी आत, अर्धी बाहेर. त्याकरता त्यांनी खुंटीवरची साखळी उतरवली होती. उरलेल्या दीड हातातून आम्ही अंग चोरून जायला-यायला लागलो. पुढचे पाच महिने ती पेटी तिथंच होती.

नालछ्याहून आमचे गुरुजी येत, त्यांना विचारलं. फार शांत माणूस, पण कोणताही प्रश्न आणखी अवघड करून परत देण्यात त्यांचा हात कोणी धरला नसता. ते म्हणाले, मुद्दाम फोडल्या तर दोष आहे, आपसूक फुटल्या तर नाही. तेव्हापासून आत्यानं मांजराला पेटीवरून हाकलणं बंद केलं. मांजर चोवीस बश्यांवर निजत असे आणि एकीलाही तडा गेला नाही. पुढच्या खेपेला गुरुजींनी विचारलं, साहेबानं यात खरोखर खाल्लं आहे का? हे कुणाला ठाऊक असणार? मी म्हटलं, साहेब लोक सुरीनं खातात, ओरखडे असतील. मग मी सगळ्या बश्या एकेक करून उन्हात तिरप्या धरून पाहिल्या. पाच बश्यांवर ओरखडे होते. पण तसं पाहताना दुसरीच गोष्ट लक्षात आली. सगळे स्वस्तिक एका दिशेला वळत नव्हते. काही आपल्यासारखे उजवीकडे वळलेले, काही उलटे, डावीकडे. करणाऱ्याला दोन्ही सारखेच वाटले असणार. मी पाटीवर मांडणी केली: उजव्या सतरा, त्यांत चार ओरखड्यांच्या, डाव्या सात, त्यांत एक ओरखड्याची. पाटी पाहून गुरुजींनी डोळे मिटले.

“डावा स्वस्तिक घरात,” ते म्हणाले, “आणि मुलीचं लग्न जमत नाही म्हणता.”

लग्न अक्काचं. ती तेरा संपून चौदात होती आणि उंच होती. नानांनी दाराच्या चौकटीवर तिच्या उंचीच्या रेघा मारल्या होत्या, त्या वर चढत चालल्या होत्या आणि घरात कोणी त्यांच्याकडे बघत नव्हतं. दोन ठिकाणची मंडळी येऊन गेली. दोन्ही वेळा मुलगा तिच्या कानाशी येत होता. केस वाळवताना एकदा ती मला म्हणाली, “बने, या खेपेला नाही जमलं तर मी मांडूला चालत जाईन आणि एखाद्या पडक्या महालात राहीन. तिथली दारं उंच आहेत.” ती हसत म्हणाली, पण केसांतून फणी फिरवायची थांबली होती.

गुरुजींनी डाव्या सातांवर उपाय सांगितला. तुपात कुंकू कालवायचं आणि उलट्या स्वस्तिकावर सुलटा काढायचा. चकचकीत बशीवर ते टिकेना, म्हणून आत्या दर शुक्रवारी पुन्हा काढी; घरात सवाशीण कोणी नव्हतीच. आणि याच गुरुजींनी देवासचं स्थळ आणलं. मुलगा अक्कापेक्षा दोन बोटं उंच. गुरुजींनी स्वतः सुतळीनं मापून आणला होता, ती गाठ मारलेली सुतळी त्यांनी नानांपुढे ठेवली. नानांनी ती चौकटीवरच्या शेवटच्या रेघेला लावून पाहिली आणि बराच वेळ धरून ठेवली.

“एक गोष्ट सांभाळा,” गुरुजी म्हणाले. “मुलाचे वडील भाऊसाहेब थोरल्या पातीत नोकरीला, त्यांचे धाकटे बंधू बापूसाहेब धाकट्या पातीत. दोघं बरोबरच येणार. एकाला जे द्याल तेच दुसऱ्याला, तेवढंच, त्याच क्षणी.”

देवासला तेव्हा एका गावात दोन राज्यं होती, थोरली पाती आणि धाकटी पाती, हे आजच्या मुलांना सांगावं लागतं. एकाच रस्त्याची ही कड एका राज्यात, ती कड दुसऱ्यात. तिथल्या माणसांना त्याचं काही वाटत नसे, पण या दोघा भावांनी ते घरात घेतलं होतं. त्यांची घरं रस्त्याच्या दोन बाजूंना समोरासमोर होती. एकाच्या ओट्याला पायरी वाढली की दुसऱ्याच्या वाढे. भांडण कधीच नव्हतं. भांडण होऊ नये म्हणून दोघंही जन्मभर मापं घेत राहिले, इतकंच.

वैशाखात ते आले. पुढच्या दारात पेटी, म्हणून गुरुजींनी पूर्वेचं दार शुभ ठरवलं आणि मंडळींना परसातून, गाईच्या शेजारून आत आणलं. पेटीवर आम्ही जाजम टाकलं होतं. दोघे भाऊ समोरासमोर बसले, कारण शेजारी बसले असते तर एक जण दाराजवळ आणि दुसरा लांब झाला असता. जेवण झालं. श्रीखंडाच्या वाट्या मी आधीच पाणी ओतून मापून ठेवल्या होत्या. अक्काला पाहिलं, दोन प्रश्न विचारले, पसंतीची मान हलली, आणि सुपारी फोडायचं ठरलं. तेव्हा आत्याच्या लक्षात आलं की घरात विडा-सुपारीचं तबक एकच आहे.

तिनं मला आत ओढलं. “बश्या काढ. सुपारी सुकी असते, सुक्याला विटाळ नाही. दोन चांगल्या बघ.”

मी बाहेरून वळसा घालून जाजमाखालून चारपाच बश्या आणल्या आणि दोन उजव्या, बिनओरखड्याच्या निवडून दिल्या. इथपर्यंत चूक नव्हती. पण आत्याला त्या कोऱ्या दिसल्या. मुलाच्या वडिलांपुढे कुंकवाशिवाय काही जातं का? तिनं एकीवर कुंकवाचा स्वस्तिक काढला. दुसरीवर काढायला वेळ नव्हता, म्हणून ती ठेवली आणि शुक्रवारीच काढून ठेवलेली एक उचलली. म्हणजे सातांतली. मला हे तिनं विडे मांडून नानांच्या हातात दिल्यावर कळलं. नाना दोन हातांत दोन बश्या घेऊन, मोजणीच्या वेळी टाकतात तशी मोजकी पावलं टाकत, दोघांच्या मधोमध गेले आणि दोन्ही एकाच क्षणी खाली टेकवल्या.

वैशाखातली दुपार. तूप वितळलं. भाऊसाहेबांच्या बशीतलं कुंकू ओघळलं, खाली तसाच निळा स्वस्तिक. बापूसाहेबांच्या बशीतलं ओघळलं. त्यांनी विडा बाजूला केला, मान वाकडी करून पाहिलं, मग समोर पाहिलं.

“दादा, तुमचा कसा आहे?”

“सुलटा. का?”

“माझा उलटा आहे.”

भाऊसाहेबांनी आपली बशी पुढे सरकवली. “ही तू घे.”

“घेतली म्हणजे उलटी तुमच्याकडे आली. लोक म्हणतील, धाकट्यानं थोरल्याला उलटं दिलं.”

“मग राहू दे तुझ्याकडे.”

“म्हणजे थोरल्याला सुलटं आणि धाकट्याला उलटं, तेही मुलीच्या घरून. दादा, मी उठतो.”

“तू उठलास तर मलाही उठावं लागेल.”

“मग उठा.”

दोघे एकदम उठले आणि पुढच्या दाराकडे निघाले, आणि तिथं थांबले. दारात दीड हात वाट. एका वेळी एकच माणूस जाणार. आधी कोण जाणार, हे त्या दोघांनी पन्नास वर्षांत ठरवलेलं नव्हतं. भाऊसाहेब म्हणाले, “तू हो पुढे.” बापूसाहेब म्हणाले, “थोरल्याआधी मी?” मग म्हणाले, “तुम्ही व्हा.” भाऊसाहेब म्हणाले, “म्हणजे मी तुला मागे टाकून गेलो.” असे ते जाजम टाकलेल्या पेटीपाशी उभे राहिले. आतल्या दाराआड अक्का उभी होती. तिच्या हातात साखरेची वाटी होती आणि ती वाटीतली साखर परत डब्यात ओतत होती. ते पाहिलं नसतं तर मी बोलले नसते.

“डाव्या अजून सहा आहेत,” मी म्हटलं. “दोघांनाही डावी देता येईल. नाहीतर दोघांना उजवी. उजव्या सतरा आहेत.”

आत्यानं मागून माझी वेणी धरली. पण बापूसाहेब वळले होते.

“एकूण किती?”

“चोवीस. तुम्ही जिच्यापाशी उभे आहात त्या पेटीत.”

बापूसाहेबांनी जाजम उचलून पाहिलं. “बारा बारा होतील, दादा.”

“होतील, पण सारख्या होणार नाहीत,” मी म्हटलं. “सतरा विषम आणि सात विषम. एकाला नऊ उजव्या आणि तीन डाव्या, दुसऱ्याला आठ आणि चार. शिवाय ओरखडे आहेत.”

भाऊसाहेब पेटीवर बसले. मग बापूसाहेबही बसले, पाय बाहेर सोडून, उंबऱ्याबाहेरच्या अर्ध्या भागावर. एक भाऊ घरात आणि एक भाऊ अंगणात. “मग कसं करायचं?” भाऊसाहेबांनी मला विचारलं, एखाद्या कारकुनाला विचारावं तसं.

मी पाटी आणली. “ओरखड्याची एक डावी आणि बिनओरखड्याची एक उजवी इथं धारला ठेवायच्या. उरल्या बावीस. प्रत्येकाला अकरा. आठ उजव्या, त्यांत दोन ओरखड्याच्या. तीन डाव्या, सगळ्या स्वच्छ. कुठंही काही उरत नाही.”

भाऊसाहेबांनी बोटांवर मोजलं. बापूसाहेबांनीही मोजलं, आणि दोघांचं एकदमच संपलं. त्या बश्या त्यांना कशासाठी हव्या होत्या हे मला कधी कळलं नाही. दुसऱ्याकडे जाऊ नयेत म्हणूनच बहुधा. गुरुजींनी घाईनं सुपारी पुढे केली. नानांनी अडकित्ता उचलला. तोच बापूसाहेबांनी सुपारीवर हात ठेवला.

“थांबा. दादांच्या मुलाला या घरची मुलगी. माझ्या मुलाला?”

“त्याचं पुढे बघू,” गुरुजी म्हणाले.

“पुढे म्हणजे आज कमी. ही वाटणी करणारी आहे ना. हिला द्या.”

“ती अकराची आहे,” नाना म्हणाले.

“माझा पंधराचा आहे. ती न्हातीधुती झाल्यावर पाठवा. मला घाई नाही. बोलणं मात्र बरोबरीनं झालं पाहिजे.”

नानांनी माझ्याकडे पाहिलं. त्या काळी मुलीला कोणी विचारत नसे. नानांनी विचारलं, “बने?” मी आतल्या दाराकडे पाहिलं. अक्कानं वाटी खाली ठेवली होती आणि दोन्ही हातांनी चौकट धरली होती. दोन मुली, दोन घरं, प्रत्येकी एक. मी मान हलवली. हिशेब बरोबर होता. आजही मी तो अधूनमधून पुन्हा करून बघते, चूक सापडत नाही.

दोन सुपाऱ्या दोन अडकित्त्यांनी फुटल्या. दुसरा अडकित्ता शेजारून आणला. नानांनी दोन नव्या पेट्या करवल्या आणि बश्या देवासला गेल्या, त्याच मुहूर्तावर आम्ही दोघीही. अक्का लगेच नांदायला राहिली, मी तीन वर्षांनी. माझं बरं गेलं. यजमान शांत होते आणि त्यांना माझं मोजणं आवडे. आमच्या दारापासून अक्काच्या दारापर्यंत एकेचाळीस पावलं आहेत, तिची तेहतीस, ती उंच म्हणून. मी सासरी आल्यावर नानांचं पहिलं पत्र आलं, त्यात पिकापाण्याची हकीकत होती, मग आत्याच्या गुडघ्याची, आणि शेवटी एक ओळ: ‘जुनी पेटी माळ्यावर टाकल्यापासून दार पुरं साडेतीन हात उघडतं. जायला-यायला माणसं दोनच आहेत.’ ते पत्र मी सासऱ्यांना वाचून दाखवताना ती ओळ गाळली.

नाना गेले, मग आत्या गेली. नानांची साखळी माझ्या खुंटीवर आली आणि जुनी पेटी दोन बश्यांसकट आम्हां दोघींकडे. एक अक्कानं घेतली, एक मी. म्हणजे तिच्याकडे नऊ उजव्या, तीन डाव्या, आणि माझ्याकडे आठ आणि चार. अकराव्या वर्षी जी वाटणी मी टाळली होती तीच झाली. आमचे सासरे तेव्हा हयात होते. आम्ही दोघी त्यांच्यापाशी एक शब्द बोललो नाही.

आणि परवा अक्काचा मुलगा वसंता लढाईवरून परत आला. चार वर्षं तो आफ्रिकेत आणि इटलीत होता. या बश्यांखाली तो रांगला, वाढला. परवा माझ्याकडे चहाला आला, कप तोंडाला लावला आणि भिंतीकडे बघून खाली ठेवला.

“मावशी, या उतरव.”

“का रे?”

“हे चिन्ह जर्मनांच्या रणगाड्यांवर पसरलेल्या झेंड्यांवर होतं. आमच्या तुकडीतली सात पोरं गेली. मला इथं बसवत नाही.”

मी विचारलं, नेमकं कसं होतं? त्यानं टेबलावर बोटानं काढून दाखवलं. उजवा, पण कोपऱ्यावर उभा, तिरका. मी म्हटलं, आपला सरळ बसतो. तो म्हणाला, “मावशी, गोल बश्या आहेत. खिळ्यावर फिरतात. बघ वर.” मी वर पाहिलं. आठांतल्या पाच तिरक्या झाल्या होत्या. मी कधी तसं पाहिलंच नव्हतं.

त्यानं माझ्या आठ उतरवल्या. मग रस्ता ओलांडून आईच्या नऊ उतरवल्या. डाव्यांना त्यानं हात लावला नाही. म्हणाला, त्या काही करत नाहीत. गुरुजींनी ज्यांना पाहून डोळे मिटले त्या सातच आता दोन घरांच्या भिंतींवर आहेत. माझ्या चौथीवर सुरीचा ओरखडा आहे आणि त्यात आत्याच्या कुंकवाचा बारीक लाल धागा अजून बसलेला आहे. तो घासूनही निघाला नाही.

सतरा बश्या त्यानं नानांच्या जुन्या पेटीत गवत घालून भरल्या. झाकण लावलं. झाकणावरचा स्वस्तिक पाहून तो थबकला, मग त्यानं झाकण उलटं करून ठोकलं. अक्का माझ्या दारात येऊन उभी राहिली होती, वाकून, कारण माझी चौकट तिला अजूनही ठेंगणी पडते. वसंतानं पेटी उचलली आणि दोघींकडे पाहिलं.

“टाकून देऊ?”

“टाकतोस कुठं,” अक्का म्हणाली. “कुत्री तोंड लावतील.”

“मग मावशी, आत ठेवू की बाहेर?”

मी अक्काकडे पाहिलं. तिनं तोंडाला पदर लावला होता, आणि ती हसते आहे की काय ते मला कळलं नाही. मी वसंताला थांबायला सांगितलं आणि खुंटीवरची नानांची साखळी उतरवून आणली.